लाल कालवड

टर्की बेंड, ओक्लाहोमा
६ फेब्रुवारी

नाही गं बाई, बादली मी कुणाला दिली नाही. परसात होती तिथंच आहे, उपडी. तुझ्या आजोबांनी त्या रंगाच्या बादलीवर अकरा वर्षं बूड टेकून तुझे सॉफ्टबॉलचे चेंडू झेलले, नि ते गेल्यावर दोन वर्षं मी. असली बादली कुणी देतं का? शेजारचा क्लीटस आला होता मागायला, कोंबड्यांना पाणी ठेवायचं म्हणे. म्हटलं, ती बादली हवी तर आधी माझ्याशी लग्न लाव. चार दिवस झाले, कुंपणाजवळसुद्धा फिरकला नाही मेला.

आपला करार विसरू नकोस, ब्रिनली. पंधरा दिवसांनी एक पत्र, तुझ्या हातचं. फोनवर तू बोललीस की बदक पिंपात पडल्यासारखं ऐकू येतं मला. पत्र आलं की जर्दाळूच्या करंज्यांचा डबा निघेल. पत्र नाही, करंज्या नाहीत.

तुझ्या कोच हॅडलॉकबाईंना फोन केला होता. आवाज रडवा करून म्हटलं, "आमची ब्रिनली रोडिओच्या बैलखेळातल्या विदूषकाबरोबर पळून गेली हो!"  तर बाई विचारतात कशा, "पण शुक्रवारच्या सामन्याला येईल ना?" हसून हसून माझी कवळी निसटली.

भली बाई आहे. आपल्या स्वयंपाकघरात तुला कॉलेजच्या संघासाठी मागायला आली होती तेव्हा वाटलं, स्थळच घेऊन आलीय. मक्याचा पाव खाता खाता विचारलं, "हिचा हात कधी दुखतो का?" मी म्हटलं, "बाई, वरून फेकणाऱ्या पोरांचे हात जातात. म्हणून त्यांचे चेंडू मोजतात. खालून फेकणाऱ्या पोरींचे कोण मोजतंय? चालताना हात हलतो तसाच तो हलतो. मी गिरणीच्या संघात नऊ वर्षं फेकलं, काय झालं? माझा उजवा हात गेला तो लाल कालवडीनं फाटकात चेमटला म्हणून." बाईंनी मान डोलावली, पाव संपवला, नि तुला घेऊन गेल्या.

तेव्हा जा, टाक. कॉलेजची फी त्या हातावर माफ झालीय, आणि उद्या गुरांची डॉक्टर झालीस की पोटही त्याच हातावर भरायचंय. मांजरीला ओरबाडू देऊ नकोस.

तुझी एका हाताची आजी,
वेल्डा


बसमधून, टक्सनहून परतताना
१६ फेब्रुवारी

आजी,

विदूषकाचं सगळ्या संघाला कळलंय. आता मी मैदानात उतरले की पोरी लाल नाक लावल्यासारखं करतात. थँक्यू हं.

वाळवंटात तीन दिवसांत पाच सामने झाले. चार मी टाकले. पाचवा लिनियानं सुरू केला, ती पहिल्या वर्षाची दुसरी पिचर. एकाच डावात चार धावा दिल्या बिचारीनं. कोच वळल्या नि म्हणाल्या, "ब्रिन, चेंडू घे. तुझी आजी म्हणाली ना, हा हात चालण्यासारखा आहे? मग चाल." सगळे हसले. मी चालले. जिंकलो.

वेण्या मीच घातल्या सगळ्यांच्या, एकोणीस डोकी. आमच्यात अशी रीत आहे की पहिल्या सामन्याला जिनं वेण्या घातल्या तिनंच शेवटपर्यंत घालायच्या. मधे हात बदलला तर हंगाम बुडतो. पालोमा (आमची कॅचर, माझ्या खोलीतच असते, एल पासोची) म्हणते, "ब्रिन, तू इतकी घट्ट वेणी घालतेस की माझे डोळे मिटत नाहीत, म्हणून तर एकही चेंडू सुटत नाही."

अक्षराला हसू नकोस. बस हलतेय. करंज्या पाठव, दोन डबे, पालोमा राक्षसीण आहे.

ब्रिन


टर्की बेंड
२५ फेब्रुवारी

टवळे,

तुझं पत्र आलं की कोंबडीनं शाईत पाय बुडवून कागदावर पळ काढला, हे आधी मला कळेना. चष्मा पुसला, दोनदा. बस हलत होती म्हणतेस तर हलू दे. डबे दोन पाठवलेत. राक्षसिणीला सांग, मोठ्या डब्यावर तिचं नाव आहे, तुझ्यावर माझा विश्वास नाही.

गावात काय चाललंय बघ. खानावळीच्या काचेवर डोरीननं चुन्यानं लिहिलंय, "आपली ब्रिन, ९ विजय, १ हार." रोज पुसते, रोज लिहिते. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी तुझं नाव घेतलं, नि लगेच पावसाचं घेतलं. म्हणजे पावसाच्या आधी तू! मे महिन्यात शेवटचे आठ संघ ओक्लाहोमा सिटीत जातात, तिथं तू उभी राहिलीस तर क्लीटस ट्रक भरून माणसं नेणार आहे. मागच्या फळीवर मी, गादी घालून.

तुला माहीत नाही, पोरी. आमच्या वेळी कॉलेजात बायकांना कुणी खेळू देत नव्हतं. आम्ही गिरणीत पीठ भरायचो नि संध्याकाळी खेळायचो. छप्पन्न वर्षं मी वाट बघतेय की या गावातलं कुणीतरी शेवटपर्यंत जाऊन उभं राहील. माझं कालवडीनं घालवलं. तू घालवू नकोस.

आजी


हॉस्टेल
११ मार्च

आजी,

एकोणीस विजय झाले, तीन हारी. डोरीनला सांग, चुना जास्त आण.

बातम्या सांगते. एक, कोचच्या पांढऱ्या बुटांवर माझ्या हातून कॉफी सांडली. त्या म्हणाल्या, "चेंडू असा सोडू नकोस म्हणजे झालं." दोन, प्रयोगशाळेत डुकराच्या कातड्यावर टाके घालायला दिले होते. माझे टाके बघून सर म्हणाले, "मिस स्टकी, हे टाके घातलेत की दारू प्यायलेला कोळी चालून गेलाय?" वर्ग हसला. मीपण. तीन, आता वेण्या पालोमा घालते. मला कंटाळा आला रोज रोज. रीतबीत काही नसतं गं, उगाच आपलं.

शनिवारी दोन नि रविवारी एक, तिन्ही सामने मीच. लिनिया बाकावर सूर्यफुलाच्या बिया फोडत बसते, टरफलांचा ढीग झालाय तिच्या पायाशी.

अक्षर आज जरा वाईट आहे, टेबल डुगडुगतं.

ब्रिन


टर्की बेंड
१९ मार्च

ब्रिनली,

टेबल डुगडुगतं? ते टेबल तुझ्या आजोबांनी ओकच्या फळ्यांचं केलंय नि खोली मिळाली त्या दिवशी क्लीटस भिंतीला ठोकून आलाय. त्या टेबलावर बैल नाचला तरी हलणार नाही. आता तुझी खोली बसला जोडलीय का गं?

बरं जाऊ दे. चिडवत नाही.

घोड्याचं मालिशचं तेल पाठवतेय, हिरवी बाटली. वास मेल्या बोक्याचा आहे, पण चोळ. कोपराच्या आतल्या बाजूला चोळ, हाड लागतं तिथं.

करंगळीला मुंग्या येतात का गं? नि तिच्या शेजारच्या बोटाला? सहज विचारलं.

क्लीटस परत आला होता. बादलीसाठी नाही, लग्नाचं काय ठरलं म्हणून. आता मीच कुंपणाकडं फिरकत नाही.

आजी


हॉस्टेल
३ एप्रिल

आजी,

करंगळीचं तुला कसं कळलं?

मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पालोमालासुद्धा नाही. सकाळी उठले की दोन बोटं दुसऱ्याच कुणाची तरी असल्यासारखी वाटतात. ऊन पाण्यात धरते. तिसऱ्या डावापर्यंत परत येतात. मग मी टाकते नि सगळं ठीक होतं, देवाशपथ, चेंडू अजून तसाच उसळतो. काल अकरा जणींना बाद केलं. संघाच्या डॉक्टरीणबाई हात बघतात तो मैदानातून वरून फेकणाऱ्या बाकीच्यांचा. माझा बघायला घेतला तर कोच म्हणाल्या, "ही पिचर आहे, हिला काही होत नाही." खोटं नाही बोलल्या. सगळे असंच म्हणतात. तूपण म्हणतेस.

पण खरं सांग. थट्टा नको, कालवड नको. तुझ्या वेळी गिरणीच्या संघात कुणाला असं व्हायचं का? नऊ वर्षांत एखादीला तरी? झालं असेल तर मी कोचना सांगीन. त्या लिनियाला टाकायला लावतील नि आपण हरू, पण सांगीन. तू म्हणालीस की सांगीन.

उत्तर लवकर दे.

ब्रिन


टर्की बेंड
१० एप्रिल

बाळे,

उत्तराला उशीर झाला. तीन कागद फाडले. शाई सांडत होती.

नाही गं. आमच्या वेळी कुणाला काही झालं नाही. थंडीनं होतं असं, उशीवर हात दुमडून झोपलं की होतं. लोकरीची बाही पाठवतेय, विणली डोरीननं आहे, माझं नाव सांगून पाठवायचं ठरलंय. तेल चोळ.

आता कालवडीला नको म्हणालीस तर ती रुसेल. तुझे आजोबा म्हणायचे, "वेल्डा, तुझी कालवड दर वर्षी पन्नास पौंडांनी वाढते. मी मरेपर्यंत हत्ती होईल." झालाही असता. आपल्या घरात तसंच आहे म्हण. माझा हात कालवडीनं खाल्ला, तुझ्या आईची हनुवटी पायरीनं फोडली, नि तुझं डोकं चेंडूनं फिरवलं. दोष कधी आपला नसतोच.

काचेवर आता एकतीस विजय आहेत. डोरीननं तुझं चित्र काढलंय, बटाट्याला वेणी घातल्यासारखं.

ओक्लाहोमा सिटी सात आठवड्यांवर आलीय. सात आठवडे म्हणजे काय, कोंबडी दोनदा अंडी उबवेल तेवढ्यात संपतील.

आजी


टर्की बेंड
४ मे

ब्रिनली,

तीन आठवडे झाले, पत्र नाही. करारानं डबा पाठवायचा नव्हता. तरी पाठवला. बघ, म्हातारी नरम पडली, मनातल्या मनात नाच.

शनिवारचा सामना रेडिओवर ऐकला, कान चिकटवून. तो सांगणारा बोलला, "स्टकी प्रत्येक चेंडूनंतर उजवा हात झटकते, जणू माशी हाकलतेय." खानावळीत सगळे हसले. क्लीटस म्हणाला, "तिथं माश्या फार दिसतात." मी हसले नाही. डोरीननं विचारलं, "वेल्डा, तुला बरं नाही का?"

नुसती एक ओळ लिही. तुझ्या हातानं. शिवी लिहिलीस तरी चालेल.

आजी


हॉस्टेल, रविवार
१८ मे

आजी,

जिंकलो! ऐकलंस ना? आता या शनिवारी दुपारी एकला इथंच सामना. तो नि रविवारचा जिंकला की ओक्लाहोमा सिटी. क्लीटसला सांग, गादी झटकून ठेव.

हे मी बोलतेय नि पालोमा लिहितेय. माझा हात बर्फात आहे, म्हणून. बाकी काही नाही. शुक्रवार ते रविवार चार सामने झाले, चारही मी टाकले. शेवटच्या डावात समोरच्या संघाच्या तीन जणी बेसवर होत्या, एकही बाद नाही, नि मी तिघींना ओळीनं बाद केलं. कोचनी मला उचललं. म्हणाल्या, "तुझ्या आजीच्या पाया पडायला हवं. पोरी बनवते की लोखंड?"

या आठवड्यात कोच सगळ्यांचे फोन टोपलीत गोळा करतात, लक्ष विचलित होऊ नये म्हणून. शनिवारनंतर फोन करीन, तू बदक म्हण नाहीतर काही म्हण.

तुझी बाही घातली होती. डोरीनला सांग, आजीचं विणकाम छान आहे.

ब्रिन

आजी, मी पालोमा. ती आंघोळीला गेलीय, तेवढ्यात लिहिते. तिला सांगू नका.

हात बर्फात नाही. तिला पेन धरता येत नाही. काटा धरता येत नाही, मी मांस कापून देते नि ती म्हणते भूक नाही. तिला मूठ मिटता येत नाही. मागच्या महिन्यात तुम्हाला तिनं दोन पत्रं लिहिली होती, वाचता येईनात म्हणून फाडली. या तीन दिवसांत कुणी मोजत नव्हतं म्हणून मी मोजले. पाचशे बारा चेंडू. प्रत्येक चेंडू माझ्या हातात येतो, मला कळतं. आता ती चेंडू सोडत नाही, तो तिच्याकडून सुटतो.

मी म्हटलं कोचना सांगू. तर म्हणाली, "आजीला विचारलंय मी. आजी म्हणाली, असं कुणाला होत नाही. म्हणजे माझ्याच डोक्यात आहे."

आजी, तुम्ही असं खरंच म्हणालात?


टर्की बेंड, बुधवार
२१ मे

पालोमा बाळा, हे पत्र तू उघड. ब्रिनलीला खाली बसव, दार लाव, नि मोठ्यानं वाचून दाखव. मधे ती ओरडेल, ओरडू दे. वाचत राहा.

ब्रिनली, तुझं पत्र आलं आणि मी लगेच कोचबाईंना फोन लावला. म्हटलं, "शनिवारी तिला टाकू देऊ नका. तिचा हात जातोय." बाई हसल्या गं. मनापासून हसल्या. म्हणाल्या, "वेल्डाबाई, या वेळी विदूषक नाही का?" मी म्हटलं, "थट्टा नाही, देवाशपथ." तर म्हणाल्या, "तुम्हीच सांगितलंत ना, खालून टाकणाऱ्यांचं काही जात नाही? त्या दिवशीचा तुमचा मक्याचा पाव अजून आठवतो." मी रडायला लागले तर म्हणाल्या, "आवाज रडवा छान काढता हं तुम्ही. शनिवारी या, पहिल्या रांगेत बसवते." नि ठेवला. जन्मभर लांडगा आला म्हणत फिरले, आता खरंच दारात उभा आहे तर कोण ऐकणार.

उद्या क्लीटस मला घेऊन निघतोय. त्याचा ट्रक नि मी, दोघांपैकी आधी कोण बंद पडेल सांगता येत नाही. म्हणून पत्र पुढं पाठवतेय, जलद टपालानं. टपालवाली म्हणाली, शुक्रवारी पोचेल. आत दुसरं पाकीट आहे, ते तुमच्या डॉक्टरीणबाईंच्या हातात द्या. कोचबाईंच्या नाही. त्यात हेच लिहिलंय, खाली सही केलीय, नि त्या काळच्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडलीय. माझ्या ट्रंकेत होती.

आता ऐक.

कालवड नव्हती.

एकोणीसशे अडुसष्टचा ऑगस्ट. कॅन्ससात, विचिटाला गेलो होतो. तिथून एक सामना जिंकला की शेवटचे चार. वसंतापासून माझी करंगळी मेली होती. मग शेजारचं बोट. मग पेन धरवेना, पिठाच्या पोत्याचा दोरा ओवता येईना. डॉक्टरांनी मे महिन्यात लिहून दिलं होतं, फेकणं बंद करा नाहीतर हात राहणार नाही. ती चिठ्ठी मी बुटात घातली नि खेळत राहिले. त्या दिवशी दोन सामने टाकले, लागोपाठ. दुसऱ्याच्या सातव्या डावात हात फिरवला नि पुढं आणला, तर रिकामा. चेंडू माझ्या मागं पडला होता, धुळीत. सुटला ते मला कळलंसुद्धा नाही. बाकीच्या पोरी बघत होत्या नि मी रिकाम्या हाताकडं बघत उभी. त्यानंतर तो हात परत आला नाही.

येताना गाडी ओरिन, म्हणजे तुझे आजोबा, चालवत होते. एनिड गाव मागं पडल्यावर त्यांनी विचारलं, "लोकांना काय सांगायचं?" कुंपणाशी एक लाल कालवड उभी होती, कुणाची कोण जाणे. मी म्हटलं, "हिनं चेमटला सांगू." खेळून हात घालवला म्हटलं असतं तर गाव म्हणालं असतं, बाईमाणसाला हवं होतंच कशाला. जनावरानं घालवला म्हटल्यावर महिनाभर लोक शिजवलेलं आणून देत होते. खाल्लं मी.

पायरीपण नव्हती. तुझी आई सहा महिन्यांची होती. एका हातानं उचलली, दुसरा खाली लावला, नि तो हात तिथं आहे असं मला वाटलं. नव्हता. ती फरशीवर पडली, हनुवटीवर. तिला आजवर सांगितलं नाही. तुला गुरांचं डॉक्टर व्हायचंय ना? अडलेल्या गाईच्या पोटात हात घातलास नि तो तिथं नसलाच तर?

शनिवारी फेकू नकोस. लिनियाला चेंडू दे. हरू द्या. काचेवर डोरीन काय लिहायचं ते लिहील, मी स्वतः पुसेन.

आणखी एक राहिलंय. पालोमा, हेही वाच, गाळू नकोस.

करंगळीचं मला कसं कळलं विचारलंस ना? अकरा मार्चचं तुझं पत्र आलं तेव्हा मी ट्रंक उघडली. माझ्या उजव्या हाताचं शेवटचं पत्र त्यात आहे, ओरिनला लिहिलेलं, अडुसष्ट सालचं. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एकाच बाईनं लिहिल्यासारखे दिसत होते. त्या दिवसापासून मला सगळं माहीत आहे. एप्रिलमध्ये तू विचारलंस तेव्हाही माहीत होतं. मी नाही म्हणाले, कारण तू खेळणं थांबवलं असतंस, नि मला तू ओक्लाहोमा सिटीत उभी राहिलेली बघायची होतीस. तुझ्या हातापेक्षा मला ते जास्त हवं होतं.